वाडग्यात न्हाणारे भूत

लक्ष्मीपूजनाची रात्र अमावास्येची असते, हे दिव्यांच्या रोषणाईत आपण सोयीस्करपणे विसरून जातो. तेव्हा या सदरात, आणि तेही दिवाळी अंकात, भुतांचा विषय काढला म्हणून वाचकांनी कपाळाला आठ्या घालू नयेत. शिवाय ही भुते आपली नव्हेत, जपानची आहेत. समुद्र ओलांडून ती फराळाच्या ताटापर्यंत येतील अशी धास्ती बाळगण्याचे कारण नाही.

माझ्या घरात मात्र ती आली, आणि आली ती कन्येच्या दप्तरातून. कन्या नववीत आहे. सहामाही परीक्षा आठ दिवसांवर असताना भूगोलाच्या पुस्तकाआड दुसरे एक जाडजूड पुस्तक असल्याचे हिच्या लक्षात आले. "अहो, बघा तुमची लेक काय वाचतेय ते!" असे म्हणत हिने ते माझ्या पुढ्यात टाकले. (चांगले गुण मिळाले की ती 'माझी लेक' असते, एरवी माझ्या नावावर जमा.) उघडलेल्या पानावर एका वाडग्यात वाफाळते पाणी होते आणि त्यात एक डोळा आरामात पहुडला होता. त्याला हातपाय होते, इवलेसे धड होते आणि धडावर डोक्याच्या जागी एकच भला मोठा डोळा. बापाचे कर्तव्य म्हणून मी पुस्तक जप्त केले, आणि रात्री साडेबारापर्यंत ते वाचत बसलो.

पुस्तक होते 'गेगेगे नो कितारो' या जपानी चित्रकथेच्या इंग्रजी भाषांतराचे. कर्ता शिगेरू मिझुकी. अशा चित्रकथांना जपानीत 'मांगा' म्हणतात हे आता शाळकरी मुलांनाही ठाऊक असते, किंबहुना त्यांनाच अधिक ठाऊक असते. कितारो हा भूतवंशातला शेवटचा मुलगा. एक डोळा गेलेला, त्यावर केसांची झुलपे ओढलेली. पायांत लाकडी खडावा, अंगात पूर्वजांच्या केसांपासून विणलेले पट्ट्यापट्ट्यांचे जाकीट. भुतांनी माणसांना छळले की हा मध्ये पडतो. खडावा सोडून मारतो, डोक्याचे केस बाणांसारखे फेकतो. आणि तो वाडग्यातला डोळा म्हणजे त्याचे वडील. मेलेल्या बापाचा एवढा एक अवयव पोराच्या काळजीपोटी जिवंत राहिला आहे, मुलाच्या केसांत बसून त्याला उपदेश करतो आणि दमला की वाडग्यात गरम पाण्याने अंघोळ करतो.

खरे सांगायचे तर याच अंघोळीने मला जिंकले. भीतीच्या गोष्टी मी पुष्कळ वाचल्या आहेत. बहुतेकांतली भुते नुसती भीती घालायलाच जन्माला आलेली असतात; गोष्ट संपली की त्यांना दुसरे काम नसते. मिझुकीच्या भुतांना मात्र संसार आहे. वाळू फेकणारी एक म्हातारी आहे. तान्ह्या बाळासारखा रडणारा एक म्हातारा आहे. दया येऊन त्याला उचलावे तर तो असा जड होत जातो की उचलणारा दबून जावा. कापसाच्या कापडाचा दहाएक मीटरचा एक तुकडा आहे, तो संध्याकाळी उडत येतो आणि माणसाच्या गळ्याला वेढा घालतो. यांतले कोणी मेलेल्या माणसाचा आत्मा नव्हे. भूत म्हणजे अतृप्त मृतात्मा हा आपला हिशेब येथे पुरत नाही. जपानी लोक यांना 'योकाई' म्हणतात. ओलसर कोपरा, रिकामी वाट, रात्री ओढ्याकाठी कडधान्य धुतल्यासारखा येणारा आवाज, अशा ज्या ज्या ठिकाणी मनाला उगीच काहीतरी वाटते, तेथे तेथे त्या वाटण्याला एक नाव मिळाले आणि पुढे हातपाय फुटले.

मिझुकीला ही नावे मिळाली ती एका म्हातारीकडून. त्याचे बालपण साकाइमिनातो या बंदराच्या गावी गेले. त्याच्या घरी येणाऱ्या, देवधर्म करणाऱ्या या गरीब बाईला सारे 'नोन्नोनबा' म्हणत. पोराला झोप येईना आणि तो छताकडे पाहू लागला की ती सांगे, छतावरचे डाग आहेत ना, ते छत चाटणाऱ्या योकाईने रात्री येऊन पाडलेले आहेत. अंधारात मागून कोणी चालत येते आहे असे वाटले तर तो असतो 'बेतोबेतो-सान'. त्याला भ्यायचे नाही, बाजूला होऊन म्हणायचे, "आपण पुढे व्हा." तो पुढे जातो, पावलांचा आवाज थांबतो. मला हा उपाय फार आवडला. भुताला मंत्र नको, उतारा नको, नुसते सौजन्य पुरते. ती म्हातारी गेली तेव्हा मिझुकी शाळकरी मुलगाच होता. पुढे तिच्यावर त्याने जे चित्रमय पुस्तक लिहिले, त्याला २००७ साली फ्रान्समध्ये आंगुलेमच्या चित्रकथा महोत्सवात सर्वोत्कृष्ट पुस्तकाचा मान मिळाला.

आता कोणी म्हणेल की जपानी लोककथांतली भुते उचलून चित्रे काढली, यात मोठेसे काय? तोरियामा सेकिएनने १७७६ सालीच योकाईंचा सचित्र ग्रंथ काढला होता, आणि मिझुकीने त्याच्याकडून भरपूर घेतले हेही खरे. पण वाळूफेकी म्हातारी, उडते कापड, वाट अडवणारी भिंत ही मंडळी त्या जुन्या चित्रग्रंथातली नव्हेत. यानागिता कुनिओ या लोकसाहित्याच्या आद्य अभ्यासकाने खेड्यापाड्यांतून गोळा केलेल्या यादीत यांची नुसती नावे होती आणि नावापुढे एकदोन ओळी. त्या ओळींना तोंडे दिली ती मिझुकीने. अभ्यासकाची यादी ग्रंथालयात पडून राहिली असती. आज जपानमधले पोरही वाट अडवणारी भिंत डोळे मिटून काढून दाखवील. करड्या रंगाचा मोठा चौकोन, खाली दोन आखूड पाय आणि मध्ये दोन झोपाळू डोळे.

या भिंतीची हकिगत निराळी सांगायला हवी. तिचे नाव 'नुरिकाबे'. रात्री चालताना पुढे काही दिसत नाही आणि तरी पाऊल पुढे पडत नाही. काठीने खालच्या बाजूला फटका मारला की वाट मोकळी होते, असा समज. मिझुकी सांगे की ही भिंत आपल्याला स्वतःला भेटली आहे. भेटली ती जपानात नव्हे, न्यू ब्रिटन बेटावरच्या जंगलात. १९४३ साली त्याला सैनिक म्हणून राबाउलला धाडण्यात आले. पुढच्या चौकीवर असताना त्याच्या तुकडीवर हल्ला झाला, बरोबरचे सगळे मारले गेले आणि हा एकटा रानावनांतून पळत सुटला. त्या पळापळीत अंधारात ती भिंत आडवी आली. परत आला तर हिवतापाने पछाडले, आणि तापात पडला असताना विमानहल्ल्यात डावा हात गेला. त्या बेटावरच्या तोलाई लोकांनी त्याला खाऊ घातले, आपल्यात ये म्हटले. युद्ध संपल्यावर तेथेच राहून जावे असे त्याच्या फार मनात होते.

हे वाचल्यावर मी पुन्हा पहिल्या पानापासून चित्रे पाहू लागलो. मिझुकीच्या पानाची एक खोड आहे. माणसे आणि भुते तो साध्या, गमतीदार रेषांत काढतो, पण मागचे झाड, स्मशान, पडके देऊळ, पावसाचे ढग हे सारे टिंबाटिंबांनी असे भरीव काढलेले असते की जणू छायाचित्रच. (मागची ही कष्टाची कामे पुष्कळदा मदतनीस करीत, त्यांतला योशिहारु त्सुगे पुढे स्वतःच नावाजला.) परिणाम असा होतो की माणूस हलका वाटतो आणि जंगल खरे वाटते. भीती भुताच्या चेहऱ्यात नसते, त्याच्या पाठीमागच्या झाडीत असते. एकहाती माणसाने ती झाडी कोठे पाहिली असेल हे आता वेगळे सांगायला नको.

येथवर मी गुणच गात आलो. पण पुस्तक जसजसे पुढे जाते तसतसा कंटाळाही येऊ लागतो, हे न सांगणे अप्रामाणिकपणाचे होईल. त्याचे कारण कळायला कितारोचा जन्म पाहावा लागतो, कथेतलाही आणि बाजारातलाही.

युद्धानंतर मिझुकी पोटासाठी 'कामिशिबाई'ची चित्रे रंगवी. सायकलवरून येणारा माणूस लाकडी चौकटीत एकामागून एक चित्रे सरकवीत गोष्ट सांगतो आणि पोरांना गोळ्या विकतो, असा तो धंदा. आपल्या पिंगुळीच्या चित्रकथीचा दूरचा भाऊच म्हणा. स्मशानातल्या कितारोची कल्पना युद्धापूर्वीच्या अशाच एका खेळातली. दूरदर्शनसंच आले, कामिशिबाई बुडाली, आणि मिझुकी भाड्याने पुस्तके देणाऱ्या दुकानांसाठी चित्रकथा काढू लागला. १९६० साली तेथे जो कितारो अवतरला तो अंगावर काटा आणणारा आहे. रक्तपेढीतला एक कारकून भुताच्या रक्ताचा माग काढीत एका पडक्या देवळाशी पोचतो. तेथे भूतवंशातले शेवटचे नवराबायको रोगाने सडत पडलेले असतात. ती दोघे मरतात. कारकून बाईला पुरतो. पुढे त्या मातीतून एक मूल वर सरपटत येते. कारकून घाबरून त्याला झिडकारतो, ते थडग्यावर आपटते आणि त्याचा डोळा जातो. तिकडे बापाच्या कुजलेल्या देहातून एक डोळा निसटून खाली पडतो, त्याला हातपाय फुटतात, आणि तो आपल्या पोराला शोधायला निघतो.

कारकून ते पोर घरी आणून वाढवतो. पण ते पोर गोडगोजिरे होत नाही, उपकारही मानत नाही. रात्री उठून स्मशानात जाते, मोठेपणी सिगारेट ओढते. ज्या घरात ते राहते त्या घराची धूळधाण होते, आणि ते त्याला जुमानत नाही. हा कितारो माणसांचा शत्रूही नाही आणि मित्रही नाही. तो नुसता वेगळा आहे. भीती वाटते ती या नुसत्या वेगळेपणाची.

१९६५ साली हा कितारो 'शोनेन मॅगझिन' या मुलांच्या बड्या साप्ताहिकात आला. साप्ताहिकाची भूक काय असते ते मला या सदरापुरते ठाऊक आहे. मजकूर वेळेवर गेला नाही की संपादक जो आवाज लावतात त्यापुढे कोणताही योकाई फिका पडेल. त्या भुकेने कितारोला सुधारला. दूरचित्रवाणीवर आणायचा तर 'स्मशान' शब्द नावात नको, म्हणून १९६७ साली 'स्मशानातला कितारो' जाऊन 'गेगेगेचा कितारो' झाला. ('गेगे' हे खुद्द मिझुकीचे लहानपणीचे टोपणनाव; स्वतःचे 'शिगेरू' हे नाव त्याला नीट उच्चारता येत नसे.) १९६८च्या जानेवारीत तो पडद्यावर झळकला आणि घरोघर लाडका झाला. मग दर खेपेला नवे भूत, दर खेपेला माणसांची तक्रार. कितारो जातो, आधी हरतो, गिळला जातो, वितळतो, चिरडला जातो, आणि शेवटच्या दोन पानांत केस, खडावा किंवा जाकीट यांपैकी एक युक्ती काढून जिंकतो. चौथ्या गोष्टीनंतर वाचकाला त्याच्या मरणाची धास्ती राहत नाही. आणि ज्या भुताला एवढ्या प्रेमाने नाव, गाव, खाणेपिणे दिले, ते शेवटी कुस्तीच्या आखाड्यातला एक गडी होऊन जाते.

माणसे तर याहून वाईट. तक्रार घेऊन येणारे गावकरी, प्राध्यापक, मुले, सगळी एका साच्यातली. मांजरकन्या म्हणून एक पोरगी आहे, उंदीर किंवा मासा दिसला की तिचे रूप पालटते. एवढी झकास कल्पना, पण या गोष्टींत तिच्या वाट्याला काम फार थोडे. खरे पात्र म्हणावे असा एकच, तो उंदीरमाणूस. अर्धा माणूस, अर्धा योकाई, शतकानुशतके अंघोळ न केलेला, दोन पैशांसाठी कितारोला विकणारा आणि शत्रू हरू लागला की परत मित्राच्या बाजूला येणारा. त्याच्या घाणीचा वास कागदातून येतो. तो नसता तर हे पुस्तक मी अर्ध्यावर मिटले असते.

१९६६च्या 'योकाई महायुद्धा'ची फार कीर्ती आहे. पाश्चात्यांची भुते, रक्तपिपासू उमराव, लांडगामाणूस, चेटकीण, फ्रँकेन्स्टाइनचा राक्षस, एका बेटावर कब्जा करतात आणि कितारो थोडे साथीदार घेऊन त्यांच्यावर चालून जातो. मुलांना हे फार रुचते. मला रुचले नाही. लढाई म्हणजे काय ते हाड मोडून शिकलेल्या माणसाने भुतांच्या पलटणी कराव्यात आणि आपले-परके करावे, याचे वाईट वाटले. याच माणसाने १९७३ साली आपल्या तुकडीच्या मरणाची कथा चित्रांत लिहिली. तीत एकही भूत नाही, आणि तिच्याइतके भयानक त्याने दुसरे काही लिहिलेले मी वाचलेले नाही.

पण एका गोष्टीने मात्र माझे तोंड बंद केले. एका अजस्र आदिम जलचराच्या शोधात एक तुकडी न्यू गिनीला जाते, कितारो तिच्याबरोबर असतो. तुकडीतला एक बुद्धिमान तरुण मत्सराने त्या प्राण्याचे रक्त कितारोच्या अंगात टोचतो, आणि स्वतः एकटाच परतून मानमरातब घेतो. इकडे कितारोचे शरीर वाढत जाते, केसाळ, डोंगराएवढे होते. तो समुद्र पोहून जपानला येतो. त्याला फक्त घरी जायचे आहे. पण वाचा गेलेली, हात उचलावा तर घरे कोसळतात, आणि ज्यांना त्याने शंभरदा वाचवले तीच माणसे त्याच्यावर तोफा लावतात. येथेही पुढे यंत्रराक्षसाशी झुंज आहेच, शेवट घाईचाच आहे, आणि कितारो आपल्या मूळ रूपात येतो. पण मधली ती काही पाने! दक्षिणेच्या बेटांवरून भलतेच शरीर घेऊन परतलेला मुलगा, आणि त्याला न ओळखणारे गाव. मिझुकीने हे जाणूनबुजून लिहिले की साप्ताहिकाच्या धांदलीत त्याच्या हातून उतरले, कोण सांगणार?

दुसऱ्या दिवशी मी पुस्तक कन्येला परत दिले. जप्त केलेला माल स्वतः वापरल्यावर दुसरे करणार काय? ती म्हणाली, "बाबा, ती नुरिकाबे म्हणजे आपला चकवाच ना? तुम्ही सांगता तो? पण चकवा दिसतो कसा?"

चकव्याची गोष्ट मी तिला एकदा सांगितली होती, ती माझ्या आजीची. आमचे घर राजापूरकडचे. बाजारातून परतणारा कोणीएक चकव्याला लागला आणि रात्रभर एकाच फणसाभोवती फिरत राहिला. उजाडले तेव्हा घर पन्नास पावलांवर होते. आजीकडे अशी पुष्कळ माणसे होती: पिंपळावरचा मुंजा, डोहातला गिऱ्हा, उलट्या पावलांची हडळ. कोण कोठे राहतो, कशाने रुसतो, कशाने जातो, हे तिला शेजाऱ्यापाजाऱ्यांसारखे ठाऊक होते. पण चकवा दिसतो कसा, हे मी तिला विचारले नव्हते. त्याऐवजी कॉलेजच्या पहिल्या वर्षाच्या सुट्टीत पडवीत चार माणसे बसली असताना मी तिला अंधश्रद्धा या विषयावर एक व्याख्यान दिले होते. वक्तृत्व स्पर्धेत बक्षीस मिळालेले होते, तेच. आजी काही बोलली नाही. नंतर मात्र मी गावी गेलो की ती पावसापाण्याचे, गुरांचे, माझ्या अभ्यासाचे विचारी. ते दुसरे काही तिने मला पुन्हा सांगितले नाही. ती गेली तेव्हा मी एम. ए.ला लोकसाहित्य हा विषय घेतला होता.

आपल्याकडे नावांच्या याद्या नाहीत असे नाही. नाशिकचे कलेक्टर जॅक्सन, ज्यांना १९०९ साली अनंत कान्हेरे यांनी नाट्यगृहात गोळ्या घातल्या, ते जुन्या विद्यांचे व्यासंगी होते. लोकांच्या समजुती गोळा करण्यासाठी त्यांनी प्रश्नावली काढली होती आणि गावोगावच्या शाळामास्तरांनी तिची उत्तरे पाठवली होती. त्यांच्यामागे एंथोवेन यांनी ती साधने लावून कोकणाचा भाग १९१५ साली छापला. त्यात मुंजा आहे, खवीस आहे, झोटिंग आहे, अलवंतीण आहे. यानागिताच्या यादीसारखीच एकेकाला ओळ-दोन ओळी. वेताळाला 'चांदोबा'तल्या शंकर यांच्या चित्रांनी रूप दिले, विक्रमाच्या खांद्यावरचे ते प्रेत आपण सारे ओळखतो. बाकीच्यांचा चेहरा माझ्या तरी पाहण्यात नाही.

शेवटी गावी आत्याला फोन केला. वय झाले आहे, ऐकू कमी येते. दोनदा ओरडून विचारले, "आत्या, चकवा दिसतो कसा? त्याला पाय असतात का?"

पलीकडे बराच वेळ काही नाही. मग ती म्हणाली, "पाय कशाला हवेत त्याला? चालतो आपण." आणि लगेच, "पण तुला रे कशाला आता? तूच आईला म्हणाला होतास ना, असलं काही नसतं म्हणून?"

मी म्हटले, तुझ्या नातीला चित्र काढायचे आहे. मग ती सांगत बसली, पाऊण तास. फणसाचे झाड कोणाच्या आवारातले, त्या माणसाच्या पिशवीत काय होते, कंदील किती वेळा विझला. कन्या फोनला कान लावून भूगोलाच्या वहीच्या मागच्या पानावर काहीबाही रेघा ओढीत होती. परीक्षेची वही म्हणून हिने एकदा डोळे वटारले, पण हीही दाराशी उभी राहून ऐकत होती. बोलून झाल्यावर मी पान मागितले, तर कन्येने वही मिटली. म्हणाली, अजून झालेले नाही. झाडच नीट येत नाही.